चिरा, काळी माती आणि शोरूमचा उजेड

तुळशीचं लग्न लागलं की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी सगळीकडे पायाच्या चरी खणायला सुरुवात होते आणि माझ्याकडे पत्रांचा ढीग येतो. यंदा निम्म्याहून जास्त वाचकांनी टाइल्सचे आणि रंगांचे फोटो पाठवलेत. गाव कुठलं, माती कसली, पावसाची झड कोणत्या बाजूने येते, हे मात्र मोजक्याच जणांनी लिहिलंय. त्यांना आधी उत्तरं देते. बाकीच्यांनी एवढं लिहून पुन्हा पत्र पाठवावं, नुसत्या फोटोवरून मला काही सांगता येत नाही. आपल्या एकाच जिल्ह्यात कणकुंबीला पावसात छत्री मोडते आणि अथणीला टँकरची वाट बघतात. दोन्हीकडे एकच कॅटलॉग कसा चालेल?

प्रश्न : ताई, जांबोटीजवळचं आमचं जुनं मातीचं घर पाडून नवं बांधतोय. वडील म्हणतात भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आणि वर कौलंच हवीत. मी पुण्यात नोकरीला असतो. मला सपाट स्लॅब, बाहेरून गिलावा आणि पुढच्या पडवीत चकचकीत टाइल्स हव्यात. कंत्राटदार म्हणतो चिरा ओल धरतो, सिमेंटचे ब्लॉक घ्या. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : या घरात बारा महिने कोण राहणार, ते आधी सांगा. गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्याने पडवीची टाइल निवडू नये. आषाढात गोठ्यातून ओल्या पायांनी पडवीत येणाऱ्याने ती निवडावी. त्यामुळे टाइल्सचा निकाल इथेच लावते : पडवीत खडबडीत शहाबादी, नाहीतर मॅट फिनिशची टाइल. चकचकीत टाइल हवीच असेल तर तुमच्या झोपायच्या खोलीत घाला.

आता चिरा. तो ओल धरतो हे खरं आहे, कंत्राटदार खोटं बोलत नाही. पण सिमेंटचा ब्लॉक ओल धरत नाही असं त्याने सांगितलं असेल तर ते खोटं. ब्लॉकही पाणी पितो, आणि नीट पाणी न मारलेला कच्चा ब्लॉक भिंतीत बसल्यावर आकसतो, मग सांध्यासांध्यातून भेगा निघतात. ब्लॉकची भिंत भराभर उठते आणि मजूर कमी लागतात, कंत्राटदाराला ते परवडतं. त्यात काही पाप नाही, फक्त त्याची सोय आणि तुमची सोय एक नाही.

चिरा कसा निवडायचा ते सांगते. माझे वडील गवंडी होते. ते दोन चिरे एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचे. बद्द आवाज आला किंवा पोटात पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या गाठी दिसल्या की तो चिरा कुंपणाला. आजही मी तेच करते, शिवाय वजनकाटा वापरते. भारतीय मानक ३६२० प्रमाणे जांभ्याच्या चिऱ्याने आपल्या वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. गाडीतले चार-पाच चिरे उन्हात खडखडीत वाळवून तोला, एक दिवस पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. २० किलोचा चिरा २२ किलो ४०० ग्रॅमच्या वर गेला तर ती गाडी परत पाठवा.

दुसरी गोष्ट घाईची. खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो, म्हणून तर तो सहज तासता येतो. वारा-ऊन लागेल तसं त्यातलं लोह घट्ट होत जातं आणि चिरा कडक होतो. आज खाणीत आणि परवा भिंतीत, असं करू नका. चिरे आत्ताच आणून अंगणात हवा खेळेल असे रचून ठेवा, तोवर पाया आणि जोतं होऊ द्या.

ओल चिऱ्यात येते ती दोन वाटांनी. एक खालून, जमिनीतून वर चढणारी. तिच्यासाठी जोतं अडीच-तीन फूट उंच घ्या आणि जोत्यावर, सगळ्या भिंतींच्या खालून, दीड-दोन इंच जाडीचा वॉटरप्रूफिंग मिसळलेल्या काँक्रीटचा सलग थर घाला. ‘सलग’ हा शब्द मेस्त्रीला दोनदा सांगा. दाराखाली तो थर तोडतात आणि मग दरवर्षी चौकटीशेजारचा रंग का फुगतो म्हणून मला पत्र लिहितात.

दुसरी वाट पश्चिमेची. तुमच्याकडे पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येकडून भिंतीवर मारा करतो. जुनी माणसं त्या बाजूला पावसाळ्यापुरता गवताचा आडोसा बांधत. आता तो कुणी बांधणार नाही, तर निदान त्या बाजूला छप्पर तीन फूट बाहेर काढा किंवा तिकडे लाकडं-शेणी ठेवायची पडवीच काढा. राहत्या खोलीची भिंत पावसाला थेट दाखवूच नका. एवढं केलंत तर बाहेरून गिलाव्याची गरज नाही, सांध्यांना नीट दर्जा भरून (म्हणजे पॉइंटिंग करून) चिरा उघडा ठेवा. बाहेरच्या सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढी चीर पडली तरी पाणी आत शिरतं, आणि मग तोच गिलावा त्याला बाहेर पडू देत नाही. उघडी भिंत चार महिने भिजते आणि आठ महिने वाळते. आतून मात्र गिलावा करा, नाहीतर चिऱ्याची तांबडी पूड कपाटातल्या कपड्यांवर उतरेल.

राहिलं छप्पर. बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना बघत जा : सपाट स्लॅब आणि त्यावर मागाहून टाकलेली पत्र्याची शेड. शेवटी शेड घालायचीच आहे तर ती पहिल्या दिवसापासून धरून चला आणि पत्र्याऐवजी कौलं घाला. पण नुसत्या कौलांचाही मी आग्रह धरणार नाही. तुमच्या भागात कौलांचं मोठं दुखणं गळती नव्हे, माकडं आहेत. वडिलांना विचारा, वर्षाकाठी किती कौलं बदलतात. म्हणून मधल्या खोल्यांवर स्लॅब, त्याच्यावर लोखंडी पाइपचा सांगाडा आणि मंगलोरी कौलं, उतार तीस अंशांच्या आसपास. कौल फुटलं तरी घरात थेंब येत नाही, मधल्या जागेत भाताची पोती राहतात आणि उन्हाळ्यात खोल्या गार. खर्च वाढतो, हो. तो चकचकीत टाइल्स, फॉल्स सीलिंग आणि बाहेरचा गिलावा यांतून काढा. पाइप वर चढवायच्या आधी जमिनीवरच त्यांना प्रायमर मारून घ्या, वर गेल्यावर मागची बाजू कोणी रंगवत नाही. कौलं खानापूरला बघा, तिथल्या मातीचं काम चांगलं असतं. तरी प्रत्येक गाडीतली दोन-चार कौलं उलटी ठेवून पाणी भरून बघा. खालून ओलसर डाग दिसला तर ठीक, थेंब पडला तर नको.

प्रश्न : अथणी तालुक्यात शेतातच घर बांधतोय. जमीन काळी. शेजाऱ्यांच्या घराला दुसऱ्याच वर्षी खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा पडल्या. आमचे मेस्त्री म्हणतात काळजी करू नका, टेक्श्चर रंग मारू, भेग दिसायची नाही. कोणत्या कंपनीचा टेक्श्चर चांगला?
– एक शेतकरी वाचक, ता. अथणी

उत्तर : कोणत्याच नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जमिनीखाली आहे आणि मेस्त्री तुम्हाला रंगाच्या दुकानात नेतायत.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिलमध्ये रानातल्या भेगेत हात जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. घराखालीही तेच होतं, फक्त सारखं होत नाही. न्हाणीघराच्या बाजूला पाणी मुरतं, तिकडची माती फुगून राहते. स्वयंपाकघराखालची कोरडी होऊन खाली बसते. एक कोपरा वर, एक खाली, मधल्या भिंतीने काय करावं? ती तिच्या सगळ्यात नाजूक जागी, खिडकीच्या कोपऱ्यात, तिरकी फाटते. तिच्यावर कितीही जाड रंग लावा, पुढच्या उन्हाळ्यात तो भेगेसकट उघडेल.

तुमचा पाया अजून व्हायचाय हे नशीब. माती तपासून घ्या, तिच्या खर्चात काटकसर नको. काळ्या मातीचा थर फार खोल नसेल तर तो काढून पाया खालच्या मुरमावर किंवा खडकावर टेकवा. खोल असेल तर ‘अंडर-रीम्ड पाइल’ नावाचा प्रकार आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तो अशाच जमिनींसाठी रुळवला. जमिनीत काँक्रीटचे खुंट, प्रत्येकाच्या तळाशी खुंटाच्या अडीच पट रुंद कांदा. हा कांदा अशा खोलीवर असतो जिथे पावसाळा-उन्हाळ्याचा फरक पोचत नाही. बहुधा साडेतीन मीटर म्हणजे अकरा-बारा फूट लागतात, पण नेमकी खोली मातीचा अहवाल ठरवेल, मी इथे बसून नाही. खुंटांवर तुळया आणि तुळयांवर भिंती. तुळईच्या खाली आणि मातीच्या वर थोडी पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तुळईला धक्का देत नाही. ही पोकळी मेस्त्री हमखास बुजवतात. समोर उभं राहून बघा.

पाया झाला की घराभोवती चार फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरशी घाला. न्हाणीघराचं पाणी पाइपने लांब नेऊन सोडा. भिंतीलगत केळी लावू नका आणि नीलगिरी, पिंपळ घराच्या आसपासही नको. शेतातल्या घरात मोटारीची पाइपलाइन जोत्याच्या कडेने नेण्याची हौस असते, तीही नको, कारण तिचा एखादा सांधा झिरपणारच.

आता फिनिशिंग. अथणीत तुम्हाला पाऊस नाही, ऊन छळणार, आणि ते येतं छतातून. टेक्श्चरचे पैसे छतावर घाला : कोबा, आणि त्यावर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची चायना मोझॅक. पांढरा रंग ऊन परतवतो. खाली शहाबादी. ती तुमच्याकडे जांबोटीपेक्षा स्वस्त पडेल आणि मे महिन्यात दुपारी तिच्यावर आडवं व्हायला कोणी सतरंजी मागणार नाही. भिंतीला साधा चुना किंवा डिस्टेंपर पुरे.

प्रश्न : निपाणीत घराचं काम चालू आहे. नदीची वाळू मिळत नाही, मिळते ती फार महाग. एम-सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा, गिलावा टिकतो का? आणि वास्तुशांतीचा मुहूर्त गिलाव्यानंतर तीन आठवड्यांनी आहे, तोवर रंग होईल ना?
– एक गृहिणी, निपाणी

उत्तर : टिकतो. काँक्रीटला एम-सँड आणि गिलाव्याला पी-सँड, म्हणजे त्यातलीच बारीक चाळलेली. एकाच ढिगातून दोन्ही कामं करू देऊ नका. काचेच्या ग्लासात मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा, तासाभराने बघा. वर जाड गाळ बसला तर त्या वाळूत क्रशरची धूळ जास्त आहे, अशा गिलाव्याला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. नदीच्या वाळूसाठी जीव टाकू नका, नदीलाही ती लागते.

रंग होणार नाही वहिनी. गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं आणि मग त्याला सुकायला चार आठवडे द्यायचे. ओल्या गिलाव्यावर पुट्टी आणि इमल्शन चढवलं तर आतलं पाणी क्षार घेऊन बाहेर यायला बघतं आणि रंगाचे पापुद्रे निघतात. मुहूर्त भटजींनी दिलाय, तो मोडायला मी सांगत नाही. वास्तुशांती नुसत्या गिलाव्याच्या भिंतींतही होते. आंब्याचं तोरण लावलं की भिंतीकडे कोण बघतंय. रंग त्यानंतर सावकाश करा.

प्रश्न : आमचं गाव चिकोडी तालुक्यात कृष्णेकाठी. २०१९ च्या पुरात जुनं घर पडलं, २०२१ ला पुन्हा पाणी आलं. आता त्याच जागेवर पक्कं घर बांधतोय. मुलीला मॉड्युलर किचन हवंय, दुकानदार म्हणतो वॉटरप्रूफ प्लायवूड आहे. आतून जिप्समचा गिलावा स्वस्तात होतो म्हणतात.
– एक वाचक, ता. चिकोडी

उत्तर : २०१९ च्या पाण्याची खूण गावात देवळाच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर असेल. तिथून पाण्याच्या नळीने पातळी आणून तुमच्या नव्या घरावर एक रेघ मारा. त्या रेघेच्या वर तुम्हाला हवं ते करा. खाली फक्त असं सामान, जे दोन-चार दिवस गढूळ पाण्यात बुडून, होजपाइपने धुऊन पुन्हा वापरता येईल.

या हिशोबाने जिप्सम पहिल्यांदा बाद. ते ओलं झालं की मऊ पडतं, पूर ओसरल्यावर हाताने ओरबाडलं तरी निघतं. सिमेंटचाच गिलावा, आणि रेघेखाली पुट्टीही नको. प्लायवूड वॉटरप्रूफ असेल, म्हणजे त्यातला गोंद सुटणार नाही. पण वरचं लॅमिनेट, कडेच्या पट्ट्या, बिजागऱ्या आणि सरकते ट्रॅक यांना गाळ काही सोडत नाही. मुलीला सांगा, ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या आणि त्यांना ॲल्युमिनियमची दारं, ओट्यावरची कपाटं मात्र तिच्या आवडीच्या रंगाची, हवी तेवढी मॉड्युलर. दिसायला कमी नाही आणि पुरानंतर झाडू घेऊन धुता येतं.

विजेची बटणं, मीटर आणि इन्व्हर्टर रेघेच्या वर. वायरी वरून खाली आणा, जमिनीतून नकोत. तळमजल्याच्या बटणांचं सर्किट वेगळं ठेवा म्हणजे पाणी यायला लागलं की तेवढंच बंद करता येईल. जिना घराच्या आतून गच्चीवर न्या आणि गच्चीवर एक पत्र्याची का होईना खोली असू द्या. धान्याचं पिंप जिन्यातून वर जाईल का, हे जिना काढायच्या आधी पिंप मोजून ठरवा. ऐकायला हसू येतं, पण पाणी दाराशी आलं की हाच प्रश्न पडतो.

आणखी एक. त्याच जागेवर बांधणं तुम्ही ठरवलंय, तुमच्याकडे कारणं असतील. पण गावठाणात उंचावर जागा मिळण्याची जराही शक्यता असेल तर ती बघूनच पाया घाला. तिच्यापुढे माझा वरचा सगळा सल्ला दुय्यम आहे.

प्रश्न : मी मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो. येळ्ळूरला घर बांधतोय. सगळी दारं सागवानाची, तीही दांडेलीच्या, असा माझा हट्ट आहे. हिला पाहुण्यांकडे बघितलेला पांढराशुभ्र ओटा हवाय. दोघांच्या हट्टात पेन्शनचा फंड संपेल असं वाटतं.
– एक निवृत्त जवान, येळ्ळूर

उत्तर : काका, हट्ट अर्धा पुरवते. पुढचं दार आणि देवघराची चौकट सागवानाची करा, बाकी आतली दारं चांगल्या फ्लश डोअरची. न्हाणीघर-संडासाला सागवान म्हणजे पैसा पाण्यात, तिथे ग्रॅनाईटची चौकट आणि पीव्हीसीचं दार. साग दांडेलीचा की आणखी कुठला, यापेक्षा तो लाकडाच्या कोणत्या भागातला, हे बघा. गाभ्याचं लाकूड सोनेरी-तपकिरी असतं, त्याला वाळवी सहसा लागत नाही. सालीजवळचा फिकट पट्टा मात्र ती आवडीने खाते, आणि गाव दांडेली आहे म्हणून सोडत नाही. पॉलिश मारलेली चौकट विकत घेऊ नका, त्याखाली हा पट्टा झाकला जातो. लाकूड वखारीत कोरं बघा, फॉरेस्टच्या डेपोतलं असेल तर पावती मागा. दारं पावसाळ्यात बसवू नका. भिजल्या हवेत फुगलेलं दार सुतार रंधा मारून बेताचं करतो आणि मार्चमध्ये त्याच्या फटीतून शेजारचं घर दिसतं. पायातच वाळवीचं औषध मारून घेतलंय ना? नसेल तर फरशी बसायच्या आत घ्या.

काकू, पांढऱ्या ओट्याचं काय ते तुम्हीच ठरवा, मी फक्त दगड ओळखायला सांगते. संगमरवर, कडप्पा, शहाबादी हे सगळे चुनखडीच्या जातीचे. लिंबू, चिंच, आमसूल सांडून राहिलं की त्यांची तकाकी जाते आणि परत येत नाही. बाजारातला पांढरा क्वार्ट्झ आंबटाला दाद देत नाही, पण तो राळेत बांधलेला असतो, गरम कढई थेट ठेवली तर पिवळा डाग पडतो. ग्रॅनाईटला यातलं काही होत नाही. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला साडीइतकाच तांबूस ग्रॅनाईटही निघतो, तो एकदा बघाच. काळा घेणार असाल तर नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवून घासा, कापूस काळा झाला तर तो रंगवलेला आहे.

दुकानातल्या दिव्यांखाली काही ठरवू नका. आवडलेल्या प्रत्येक दगडाचा तुकडा मागून घरी आणा, त्यावर लिंबू पिळा, हळद आणि तेल चोळा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुसून जो आवडेल तो घ्या. काकांनी त्यात पडू नये, त्यांचं पुढचं दार झालंय.